विजेवरील दुचाकी आणि घरातील बॅटरी

विजेवर चालणाऱ्या दुचाकी आता महानगरांपुरत्या मर्यादित राहिलेल्या नाहीत. तालुक्याच्या बाजारपेठेत, शाळांच्या आवारात आणि गावातील घरांच्या ओट्यांवरही त्या दिसू लागल्या आहेत. पेट्रोलचा खर्च वाचतो, धूर होत नाही आणि बॅटरी काढून घरात नेता येत असल्यामुळे चार्जिंगसाठी निराळी व्यवस्था करावी लागत नाही. यांपैकी शेवटची सोय मात्र अधिक विचार करावयास लावणारी आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथील एका घरात दुचाकीची बॅटरी बाहेरच्या खोलीत रात्री चार्जिंगला लावण्यात आली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीररीत्या भाजला आणि काही दिवसांनी त्याचे निधन झाले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात तामिळनाडूतील वेल्लोर येथे रात्री चार्जिंगला लावलेल्या दुचाकीने पेट घेतला आणि घरातील वडील व मुलगी धुराने गुदमरून दगावली. दोन्ही ठिकाणी वेळ रात्रीची होती आणि घरातील माणसे झोपेत होती. धोका कोठे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

या दुचाकींमध्ये आता बहुधा लिथियम-आयन बॅटरी असते. अनेक लहान घट एकत्र जोडून ती तयार करतात. ४८ व्होल्ट व २४ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १.१५ युनिट वीज साठते. दहा लिटर पाणी उकळण्यास ती पुरेल. शिवाय घटांमधील द्रावण स्वतःच ज्वालाग्राही असते. एखाद्या घटात आतल्या आत विद्युतमंडल जुळले, अथवा तो प्रमाणाबाहेर भरला गेला, तर त्याचे तापमान वाढू लागते. सुमारे १३० अंश सेल्सिअसला दोन ध्रुवांमधील प्लास्टिकचा पातळ पडदा वितळतो आणि मग उष्णतेने रासायनिक क्रिया व त्या क्रियेने पुन्हा उष्णता, असे चक्र सुरू होते. शेजारचे घट एकामागून एक त्यात सापडतात. काही प्रकारच्या घटांतून या अवस्थेत प्राणवायूही बाहेर पडतो. म्हणून गोणपाट किंवा वाळू टाकून ही आग विझेलच, असे मानता येत नाही. लोह-फॉस्फेट प्रकारचे घट तुलनेने अधिक स्थिर असतात, परंतु तेही मुळीच पेटत नाहीत असे नव्हे.

अपघातांचे एक टाळता येण्याजोगे कारण म्हणजे चार्जरची अदलाबदल. चार्जर बिघडला की शेजाऱ्याचा आणावा किंवा बाजारात मिळेल तो स्वस्तातला घ्यावा, ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत. दोन्हींवर ४८ व्होल्ट असे लिहिलेले असले म्हणजे ते एकच, असा समज असतो. तेरा घटांच्या ओळीची लिथियम बॅटरी पूर्ण भरते ती ५४.६ व्होल्टला. शिसे-आम्ल बॅटरीसाठी बनविलेला ४८ व्होल्टचा चार्जर मात्र ५८ ते ५९ व्होल्टपर्यंत दाब देतो. बॅटरीतील नियंत्रक यंत्रणा बहुधा असा प्रवाह तोडते. पण ती यंत्रणा सदोष असेल तर मध्ये दुसरा कोणताच अडसर उरत नाही. सबब बॅटरीसोबत आलेला अथवा उत्पादकाने मान्य केलेला चार्जरच वापरावा.

चार्जिंगसाठी जागा निवडताना घराबाहेर पडण्याचा मार्ग प्रथम पाहावा. चाळीत व सदनिकांत जिन्याखाली वीजमीटरच्या शेजारी दुचाकी उभी करून तेथेच तार जोडलेली आढळते. तेथे आग लागल्यास वरच्या सर्व कुटुंबांची वाट एकाच वेळी बंद होते. पडवी किंवा हवा खेळती असलेली सावलीची जागा चांगली; पत्र्याच्या छपराखालील वैशाखातील दुपार मात्र नको. बॅटरी लादीवर ठेवावी. गादी, कपडे, गवत वा सरपण यांपासून ती दूर असावी. भूसंपर्कन असलेले भिंतीवरील पक्के सॉकेट वापरावे, लोंबकळती एक्स्टेन्शन वायर नव्हे. गाडी चालवून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्यावी, आणि चार्जिंग शक्यतो दिवसा, घरात कोणी जागे असताना करावे. कामावरून रात्री परतणाऱ्यास हे गैरसोयीचे आहे, हे खरे. अशा वेळी सायंकाळी जेवणाच्या सुमारास बॅटरी लावून निजण्यापूर्वी काढणे शक्य असते. रोजच्या फेरीसाठी ती काठोकाठ भरलेली असावी लागतेच असे नाही.

कमी किमतीच्या काही वाहनांत शिसे-आम्ल बॅटरी असते. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून देवघरातील समई किंवा चूल यांच्याजवळ ती ठेवू नये.

२०२२ मधील दुर्घटनांनंतर ए.आय.एस. १५६ या मानकातील बॅटरी-सुरक्षेच्या अटी कडक करण्यात आल्या व त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून अशा दोन टप्प्यांत अमलात आल्या. ताशी २५ कि. मी.हून कमी वेगाच्या व २५० वॉटहून कमी शक्तीच्या वाहनांना नोंदणीतून सूट आहे. अशी गाडी घेताना ग्राहकाने कागदपत्रांची चौकशी स्वतःच अधिक बारकाईने करावी. ग्रामपंचायतींनी कार्यालयाच्या किंवा शाळेच्या आवारात एक उघडी, छप्पर असलेली चार्जिंगची जागा उपलब्ध करून दिल्यास, एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांची मोठीच अडचण दूर होईल.

बॅटरी फुगली, तिला उग्र वास येऊ लागला, ती उंचावरून पडली किंवा पुराच्या पाण्यात बुडाली, तर ती पुन्हा चार्जिंगला लावू नये; घराबाहेर मोकळ्यावर ठेवून विक्रेत्यास कळवावे. धूर निघू लागल्यास ती उचलण्याचा प्रयत्न न करता सर्वांना बाहेर काढावे, दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ वर संपर्क साधावा. तो धूर विषारी असतो, आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, हे अग्निशमन दलाच्या जवानांनाही सांगून ठेवावे.

सुटीत महिनाभर परगावी जावयाचे असल्यास बॅटरी निम्मी भरून, गाडीपासून सोडवून, कोरड्या व थंड जागी ठेवावी. निकामी झालेली बॅटरी भंगारवाल्यास देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि विक्रेत्याकडे तशी मागणी करता येते.