झेंडा पनामाचा, किनारा आपला

परभणीच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातून न्हावा शेवा सुमारे पाचशे किलोमीटर दूर. तिथे धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या मागच्या बाजूला नावाखाली नोंदणीचे ठिकाण म्हणून एखादे गाव रंगवलेले असते: पनामा, मन्रोव्हिया, माजुरो. यातल्या अनेक जहाजांनी ते गाव कधी पाहिलेलेही नसते. समुद्र नसलेल्या मंगोलियाचीही जहाज नोंदवही आहे आणि ती 2003 मध्ये सिंगापुरात सुरू झाली. यात बेकायदा काही नाही. 1982 चा सागरी कायद्याचा करार किनारा असलेल्या-नसलेल्या प्रत्येक देशाला आपल्या झेंड्याखाली जहाजे चालवण्याचा हक्क देतो. जहाज आणि देश यांच्यात खराखुरा संबंध हवा, असेही तो म्हणतो. पण हा संबंध कशाने सिद्ध होतो, हे सांगत नाही. परक्या देशात नोंदणी करून मिळवलेल्या सोयीच्या झेंड्याचा सगळा व्यवहार या मोकळ्या जागेत उभा आहे.

हा व्यवहार प्रामुख्याने कागदाचा आहे. मालक बहुधा एका जहाजापुरती एक कंपनी काढतो. मग खरेदीखत, जुन्या नोंदवहीतून नाव कमी केल्याचा दाखला, टनेजचा दाखला आणि वर्गीकरण संस्थेचे प्रमाणपत्र जमवले जाते. आधी तात्पुरती नोंदणी होते, कायमची मागाहून. त्यासाठी जहाजाला त्या देशात जावे लागत नाही. लायबेरियाची 1948 मध्ये सुरू झालेली नोंदवही तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालवली जाते. मालकाला कर कमी पडतो आणि कोणत्याही देशाचे खलाशी नेमता येतात. नागालँडची पाटी लावून महाराष्ट्रात धावणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सचा हिशेब याहून फार वेगळा नाही.

‘मग बिघडले काय? झेंडा स्वस्त तर भाडे स्वस्त, आणि भाडे स्वस्त तर आपला माल परदेशात टिकतो,’ असा आक्षेप येईल. तो पोकळ नाही. पनामा किंवा लायबेरियाचा झेंडा म्हणजे खटारा जहाज, असेही नव्हे. जगातली कितीतरी नवी, उत्तम जहाजे त्यांच्याच नोंदवहीत आहेत. प्रश्न आहे तो खर्च कोणावर पडतो हा. 4 ऑगस्ट 2011 रोजी ‘रॅक कॅरियर’ मुंबईजवळ बुडाले. झेंडा पनामाचा, कंपनी कतारची, कोळसा इंडोनेशियाचा, जायचे होते गुजरातेतल्या दहेजला. तेल पसरले मुंबईच्या समुद्रात. हरित न्यायाधिकरणाने कतारच्या कंपनीला 100 कोटींची भरपाई ठोठावली, ती 2016 मध्ये. म्हणजे पाच वर्षांनी. ‘रॅक कॅरियर’ बुडण्याच्या काही दिवस आधी, खलाशांनी सोडून दिलेले पनामाच्याच झेंड्याचे ‘पवित’ हे तेलवाहू जहाज वाहत येऊन जुहूला लागले होते. वाचलेला पैसा मालकाच्या खात्यात दिसतो. धोका किनाऱ्यावरचे लोक आणि खलाशी उचलतात.

‘मग असे झेंडे बंदच करा,’ हे उत्तर सोपे, पण निरुपयोगी आहे. कोणत्या देशाने कोणाचे जहाज नोंदवावे, हे भारत ठरवू शकत नाही. आपल्या बंदरात कोणी यावे, हे मात्र ठरवू शकतो. ‘पवित’ आणि ‘रॅक कॅरियर’नंतर, 2012 मध्ये, केंद्राने येणाऱ्या जहाजांना विम्याची अट घातली, ती याच अधिकाराने. परदेशी जहाजांच्या तपासणीसाठी हिंदी महासागरातल्या देशांनी जो समझोता केला, त्याचे सचिवालय गोव्यात आहे. मे 2025 मध्ये लायबेरियाच्या झेंड्याचे ‘एमएससी एल्सा 3’ कोचीजवळ बुडाले, तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने त्याच समूहाचे विळिंजमला आलेले दुसरे जहाज अडकवण्याचा आदेश दिला. हात पोचला तो झेंड्यामार्फत नव्हे, मालकीच्या धाग्यामार्फत. 2025 च्या नव्या व्यापारी नौवहन कायद्याने भारतीय नोंदणीसाठी मालकीची अट सैल केली, यातही गैर काही नाही. जहाजे आपल्या झेंड्याखाली येतील तर तपासणीही आपल्या हातात येईल. मात्र झेंडा स्वस्त करताना तपासणीही स्वस्त केली, तर आपण पनामाशी स्पर्धा करता करता पनामाच होऊ. झेंडा कोणताही असो. बंदरात शिरण्यापूर्वी खऱ्या मालकाचे नाव आणि चालू विमा दाखवलाच पाहिजे, एवढा आग्रह भारताने धरला तरी बुडालेल्या जहाजाचे बिल किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या नावे फाटणार नाही.