राहून गेलेले चित्रपट – भाग ७ : जिवंत डॉक्टरचा मृत्यू

मागचे दोन आठवडे आपण रहस्यपटांत होतो. आजच्या चित्रपटात पोलीस नाहीत, पिस्तूल नाही, तरी नावातच मृत्यू आहे. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ १९९०चा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने त्याची निर्मिती केली. सिन्हांना त्यासाठी उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पंकज कपूरला परीक्षकांचा विशेष पुरस्कार. एवढं असूनही तो पाहिलेली माणसं फार भेटत नाहीत.

डॉ. दीपंकर रॉय सरकारी नोकरीतला कनिष्ठ डॉक्टर. दिवसा नोकरी करायची, रात्री घरातल्या प्रयोगशाळेत कुष्ठरोगावरची लस शोधायची, अशी त्याची वर्षं गेलेली. एक दिवस लस सापडते आणि बातमी दूरचित्रवाणीवर येते. दुसऱ्याच दिवसापासून छळ सुरू होतो. वरिष्ठांना न विचारता बातमी बाहेर गेलीच कशी? आरोग्य खात्याचा सचिव झापतो, संचालकांपुढे हजर व्हावं लागतं. नावाजलेले डॉक्टर व्याख्यानाला म्हणून बोलावतात आणि चारचौघांत अपमान करतात. परदेशी संस्थेचं पत्र दडपलं जातं, आडगावी बदली होते. शेवटी त्याच लसीचं श्रेय दोन अमेरिकी डॉक्टरांना मिळतं.

यातला कोणताही माणूस राक्षस नाही. एकाने टोमणा मारला, दुसऱ्याने पत्र दाबलं, तिसऱ्याने बदलीच्या आदेशावर सही केली. प्रत्येकाचा वाटा इतका लहान की रात्री झोप उडायचं कारण नाही. रमापद चौधुरींच्या ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला आहे तिचं नाव ‘अभिमन्यू’, आणि ते अगदी नेमकं आहे.

दीपंकरही साधा-सरळ सोसणारा नाही. तो चिडका आहे, हट्टी आहे, बायकोला गृहीत धरणारा आहे. पंकज कपूरने त्याला कुठेही गोड केलेलं नाही. म्हणून मला या चित्रपटाचं खरं केंद्र त्याची बायको सीमा वाटते. शबाना आझमीची ही भूमिका तिच्या गाजलेल्या भूमिकांच्या यादीत क्वचितच येते. नवऱ्याच्या संशोधनात तिचं वैवाहिक आयुष्य वाहून गेलं आहे. त्याचा राग तिच्या बोलण्यात येतो आणि त्याच्या कामाचा अभिमानही. या दोन्ही गोष्टी ती एकाच प्रसंगात, आवाज न चढवता दाखवते. त्यांच्या बाजूला मोजकीच माणसं आहेत. अनिल चटर्जींचे डॉ. कुंडू आणि अमूल्य नावाचा तरुण पत्रकार. हा अमूल्य म्हणजे इरफान खान. अजून कोणी त्याला ओळखत नव्हतं तेव्हाचा, पण ऐकताना समोरच्याकडे पाहण्याची ती पद्धत तेव्हाही होती.

दीपंकरमागचा खरा माणूस कोलकात्याचा. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी दुर्गा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमध्ये जन्माला येऊन तेव्हा फक्त ७० दिवस झाले होते. मुखोपाध्यायांनी गर्भ गोठवून ठेवून नंतर तो गर्भाशयात सोडला होता. ही पद्धत आज जगभर रूढ आहे. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने मात्र त्यांचा दावा फेटाळला. जपानला जाऊन काम मांडण्याची परवानगी मिळाली नाही. पुढे त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आयुष्य संपवलं.

चित्रपटात सिन्हांनी दीपंकरला मारलं नाही. शेवटी परदेशातल्या त्याच संस्थेचं निमंत्रण येतं आणि तो ते स्वीकारतो. काहींना हा शेवट पळवाट वाटतो. मला तो अधिक कठोर वाटतो. माणूस वाचला, काम करत राहिला. मेला तो इथला, आपला डॉक्टर, आणि ते नुकसान आपलं.

या गोष्टीचा पुढचा भाग मुंबईत सुरू झाला, चित्रपट येण्याआधीच. १९८६मध्ये केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. त्या कामात डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार होते. १९९७मध्ये मुखोपाध्यायांची कागदपत्रं त्यांच्या हाती आली. ती त्यांनी बारकाईने तपासली आणि हा मान आपला नसून मुखोपाध्यायांचा आहे, असं जाहीरपणे लिहिलं. स्वतःच्या नावावरचा पहिला क्रमांक त्यांनी स्वतः खोडला.

चित्रपट मिळवून पाहा, आणि पाहताना सीमावर लक्ष ठेवा. पुढच्या आठवड्यात त्याच वर्षीचा, पण अगदी वेगळ्या जातीचा चित्रपट : अमोल पालेकरांचा ‘थोडासा रूमानी हो जायें’.