खुर्ची जाते, कसब राहते

बंगळूरच्या चामराजपेटेत कन्नड साहित्य परिषदेची वास्तू आहे. १८९२ साली सरळ रस्ते आखून वसवलेला हा शहराचा जुना भाग. कवी-लेखकांची परिषदेत नेहमी वर्दळ असते. पण १९१५ साली ही परिषद स्थापन झाली, तेव्हा तिच्या पाठीशी उभे राहिलेले म्हैसूरचे दिवाण साहित्यिक नव्हते. ते इंजिनियर होते. त्यांचे नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

आपल्याला त्यांच्याविषयी आपुलकी वाटावी असे आणखी एक कारण आहे. हे इंजिनियर घडले आपल्या पुण्यात, आणि त्यांची उमेदीची वर्षे गेली ती बहुतांशी नाशिक, खानदेश आणि पुणे या भागांत.

मराठीत आपण ‘हाडाचा शिक्षक’, ‘हाडाचा कलावंत’ असे म्हणतो. ‘धंदेवाईक’ म्हटले की मात्र नाक मुरडतो. इंग्रजीतून आलेला ‘प्रोफेशनल’ हा शब्द या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अडकून पडला आहे. कुणाला त्यात पैसा दिसतो, कुणाला टाय आणि ब्रीफकेस. खरे तर त्याचा अर्थ आपल्या ‘हाडाचा’ या शब्दाच्याच जवळचा आहे. असे हाडाचे होऊन माणसाला मिळते तरी काय? विश्वेश्वरय्यांचे आयुष्य पाहिले की याचे उत्तर सापडते.

पावसाने घेतलेली परीक्षा

१८६१ साली मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले. शिकवण्या करून त्यांनी बंगळुरात कॉलेजचे शिक्षण घेतले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. १८८३ साली इंजिनियरिंगच्या परीक्षेत पहिले आले. १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले.

सुरुवातीलाच खानदेशात पाण्याचा नळ नाल्यापलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पाऊस कोसळू लागला, तेव्हा काम पुढे ढकलावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना ते पसंत पडले नाही. मग मात्र या तरुण इंजिनियरने तक्रार करत न बसता पुराला तोंड देत काम पुरे केले.

पुढे खडकवासल्याचा प्रश्न आला. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या या तलावाचे जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई. धरणाची भिंत उंच करायची तर खर्च आणि धोका, दोन्ही मोठे. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे बसवले. पाणी ठराविक पातळीला पोहोचेपर्यंत ते मिटलेले राहत. पूर आला की आपले आपण उघडत आणि पाणी उतरले की पुन्हा मिटत. भिंत न वाढवता तलावात सुमारे ८ फूट अधिक पाणी राहू लागले. १९०३ सालच्या या दरवाजांचे पेटंट त्यांच्या नावावर होते. पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाची रॉयल्टी त्यांनी घेतली नाही.

काम शोधत आले

आता फायद्याकडे वळू. १९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्या काळी खात्यातल्या सर्वांत वरच्या जागा व्यवहारात इंग्रजांसाठीच असत. दुसरा कुणी असता तर मन मारून राहिला असता, नाहीतर जन्मभर कुढला असता. विश्वेश्वरय्या शांतपणे बाहेर पडले आणि परदेशच्या दौऱ्यावर गेले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हाहाकार उडाला. निजाम सरकारने बोलावणे पाठवले ते याच नोकरी सोडलेल्या माणसाला! शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडवावे, असा सल्ला त्यांनी दिला. त्यातूनच पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. १९०९ साली म्हैसूरने त्यांना मुख्य इंजिनियर नेमले. १९११ साली कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले आणि १९१२ साली ते राज्याचे दिवाण झाले. दिवाणपद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी नातलगांना जेवायला बोलावले आणि ‘माझ्याकडे वशिला लावणार नसाल तरच मी हे पद घेतो’ असे बजावले, अशी हकीकत सांगतात.

काही वर्षांनी त्यांनी तेही पद सोडले. मागे पडलेल्या समाजांना नोकऱ्यांत राखीव जागा देण्यावरून त्यांचे महाराजांशी मतभेद झाले होते. गुणवत्तेला धक्का लागेल, असे त्यांना वाटे. आज मागे वळून पाहताना महाराजांची बाजू आपल्याला अधिक पटते. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून तर विश्वेश्वरय्यांना स्वतःला पुणे दिसले! गुणांना वाव मिळण्यासाठी आधी दार उघडावे लागते. मत चुकले असेल, पण पदासाठी ते मत गिळण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. हातात कसब होते, म्हणून खुर्चीची भीती नव्हती. मोकामा येथे गंगेवर पूल कोठे बांधावा, हे ठरवताना त्यांचा सल्ला घेतला गेला, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

आपल्या घरातले विश्वेश्वरय्या

आपण काही धरणे बांधत नाही, हे खरे. पण माप चुकले तर शिवण स्वतःहून उसवणारा शिंपी, रुग्णाला इंजेक्शन देण्यापूर्वी बाटलीवरचे नाव पुन्हा वाचणारी परिचारिका, एका रुपयाचा फरकही सापडेपर्यंत न उठणारा हिशेबनीस, ही सारी याच जातकुळीची माणसे. त्यांना नेहमीच बढती मिळते असे नाही. कधी कधी त्यांच्या डोळ्यांदेखत वशिल्याचा माणूस पुढे जातो. पण त्यांना रात्री झोप शांत लागते, आणि अन्याय असह्य झाला तर दुसरे दार ठोठावण्याची हिंमत त्यांच्यात असते.

मुलांना ‘चांगली नोकरी मिळव’ असे आपण सांगतोच. त्याबरोबर ‘एक तरी काम असे शीक, की त्यासाठी लोक तुला विचारत घरी आले पाहिजेत’ हेही सांगायला हवे. आणि एक प्रश्न मोठ्यांनी स्वतःला विचारावा: निवृत्तीचा हार गळ्यात पडल्यानंतर, दारावरची साहेबी पाटी उतरल्यावरही, आपला सल्ला घ्यायला कोण येईल? उत्तर मनासारखे नसेल, तर शिकायला अजून वेळ आहे.