जस्ताने वाढणारे चुंबकत्व

नदीच्या वाळूत चुंबक फिरवला की त्याला काळे कण चिकटतात. त्यातले बहुतेक मॅग्नेटाइटचे किंवा त्याच्या भाऊबंदांचे असतात. मॅग्नेटाइट म्हणजे लोह आणि ऑक्सिजन यांचे संयुग. त्यातले थोडे लोह काढून तिथे जस्त बसवले तर? जस्ताला चुंबक चिकटत नाही, तेव्हा चुंबकत्व घटेल, असेच कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात ते वाढते!

रस्सीखेच आठवा. मॅग्नेटाइटच्या स्फटिकात लोहाचे अणू दोन प्रकारच्या जागांवर बसतात आणि हे दोन गट विरुद्ध दिशांना ओढतात. एकाचा जोर ५, दुसऱ्याचा ९. आपल्याला जाणवते ती उरलेली ४ ची ओढ. जस्त नेमक्या दुबळ्या गटाच्या जागा पटकावते आणि तिथे नुसते उभे राहते. विरोध घटला की एकूण ओढ वाढते. विरुद्ध गटांचा हा सिद्धांत फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४८ मध्ये मांडला. १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जस्त फार झाले तर मात्र उलटे होते, कारण मोठ्या गटाची एकजूट समोरच्या गटामुळेच टिकलेली असते. दुबळ्या जागा पूर्ण जस्ताने भरल्या, तर उरणारे झिंक फेराइट नेहमीच्या तापमानाला जवळजवळ चुंबकच राहत नाही.

आता डॉक्टरला याचे काय, असे तुम्ही विचाराल. कॅन्सरच्या गाठीत लोह ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सोडून बाहेरून वेगाने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र लावले की कण तापतात. गाठ ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापली की तिच्या पेशी रेडिओथेरपीला अधिक दाद देतात. मेंदूच्या गाठींसाठी अशा उपचाराला युरोपात २०१० मध्ये परवानगी मिळाली. तिथले कण जस्त नसलेले, साध्या लोह ऑक्साइडचे. भीती असते ती शेजारचा निरोगी मेंदू भाजण्याची.

इथे जस्त पुन्हा कामाला येते. ठरावीक तापमानाला चुंबकाचे चुंबकत्व जाते. मॅग्नेटाइटचे सुमारे ५८५ अंशांना. लोहाच्या जागी जस्त आणि मँगेनीज यांची मात्रा जुळवून ही मर्यादा शरीराला सोसेल इतकी खाली आणता येते. कण तिथवर तापले की त्यांचे तापणे आपोआप थांबते, इस्त्रीसारखे. प्रयोगशाळांत असे कण तयार होतात. गोम अशी, की मर्यादा जवळ आली की तापवण्याची ताकदही घटते, म्हणजे कण जास्त टोचावे लागणार. निकेल घालून ही मर्यादा फारशी खाली येत नाही, म्हणूनही माझे मत जस्ताच्या बाजूने आहे: जस्त शरीराला लागतेच, निकेलची अनेकांना ॲलर्जी असते. शिवाय कण गाठीत राहिले की त्या भागाचा एमआरआय नीट येत नाही, हेही रुग्णाला आधीच सांगायला हवे.

ओपीडीत अनेक जण चुंबकाचे पट्टे दाखवून विचारतात, ‘डॉक्टर, याने गाठ विरघळेल का?’ नाही. त्यात ना हे कण आहेत, ना बदलते क्षेत्र. एमआरआयला येताना तो पट्टा तेवढा घरी ठेवून या.