विमानाला ऐकूं कां येत नाहीं?

रेडिओनें चालणारें छोटें विमान ही आपल्याकडे आतां अपूर्वाईची वस्तु राहिलेली नाहीं. राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेंत विमानांच्या प्रतिकृति बनविणें व उडविणें हा शिक्षणाचाच एक भाग आहे. शहरांतून तयार संच विकत मिळतात. आणि सुटी लागली कीं माळ्यावर बाल्सा लाकडाचा भुसा, सरसाचा वास व काका-पुतण्यांचीं खलबतें हें दृश्य आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं दिसत असेल. ह्या छंदाविषयीं आम्हांस आदर आहे. हात, डोळा आणि बुद्धि ह्या तिहींचा एकाच वेळीं कस पाहणारे छंद थोडेच. परंतु एका दुखण्यापायीं कित्येक विमानें दुसऱ्या-तिसऱ्या उड्डाणांतच मोडून पेटींत जाऊन पडतात आणि मुलाचा किंवा मुलीचा उत्साहहि त्याच पेटींत बंद होतो. त्या दुखण्याची चिकित्सा येथें करावयाची आहे.

लक्षणें दोन. विमान थोडें दूर गेलें कीं हुकूम मानीनासें होतें, हें एक. जमिनीवर स्वस्थ उभें असतांनाहि त्याच्या पंखांच्या व शेपटीच्या हलत्या पट्ट्या आपोआप थरथरतात, हें दुसरें. लोक ह्यांना दोन निराळे रोग समजतात आणि दोहोंचाहि दोष हवेंतील लहरींना, शेजारच्या मोबाईल मनोऱ्याला किंवा संच विकणाऱ्या दुकानदाराला देऊन मोकळे होतात. आमचें मत असें कीं, बहुतेक वेळां रोग एकच असतो आणि त्याचें मूळ खुद्द विमानाच्या पोटांत असतें.

हें पटण्यासाठीं सर्व्हो म्हणजे काय तें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. काडेपेटीएवढ्या डबींत एक इवलीशी मोटर, दात्यांच्या चाकांची मालिका, पोटेन्शिओमीटर नांवाचा फिरता विद्युत्-रोध आणि एक छोटें विद्युत्-मंडल एवढा सारा संसार असतो. रिसीव्हर त्यास सेकंदाला सुमारें ५० वेळां विजेचा एक स्पंद पाठवितो. स्पंद १ मिलिसेकंदाचा असला तर सर्व्होचा हात एका टोंकास जातो, २ मिलिसेकंदांचा असला तर दुसऱ्या टोंकास, आणि दीड मिलिसेकंदाचा असला तर मध्यावर राहतो. आपला हात खरोखर कोठें आहे हें सर्व्हो पोटेन्शिओमीटरवरून ओळखतो व हुकूम आणि स्थिति ह्यांत जेवढा फरक पडेल तेवढाच फिरतो. तेव्हां तो थरथरत असेल तर येणारा हुकूम डळमळीत असला पाहिजे, अथवा स्वतःचा हात कोठें आहे ह्याविषयीं त्याचाच गोंधळ होत असला पाहिजे, अथवा त्याला पोटभर वीज मिळत नसली पाहिजे.

देवळांतील कीर्तनाचें उदाहरण घ्या. मागें बसलेल्यास बुवांचा शब्द कळत नाहीं. बुवांचा आवाज बसला असेल. ऐकणारा खांबाआड बसला असेल. त्याच्या कानांतच दडे बसले असतील. किंवा शेजारच्या मंडळींच्या गप्पा रंगल्या असतील. विमानांतील रिसीव्हरची हीच अवस्था असते. आणि गंमत अशी कीं, ह्या चारहि प्रसंगीं आमचे हौशी लोक एकच उपाय सुचवितात: बुवांनीं अधिक मोठ्यानें ओरडावें! ट्रान्समीटरला ताकद वाढविणारें जोडयंत्र लावण्याचा मोह हा त्यांतलाच. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं पोंचणारी शक्ति चौथाई होते. म्हणजे पल्ला दुप्पट करावयाचा तर शक्ति चौपट करावी लागेल. शिवाय परवान्यावांचून किती शक्ति वापरावी ह्यास कायद्याची मर्यादा आहे, ती निराळीच. त्यापेक्षां शेजारच्या गप्पा बंद करणें स्वस्त पडतें.

कोणी म्हणेल, खेळण्याचें एवढें काय? दीड किलो वजनाचें विमान ताशीं ६० किलोमीटर वेगानें येऊन आदळलें, तर चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, म्हणजे सुमारें १४ मीटरांवरून, तेवढेंच वजन खालीं पडावें इतका तो आघात असतो. आणि पुढें फिरता पंखा असतो तो वेगळा. मैदानांत लहान मुलें धांवत असतात, कडेला वृद्ध मंडळी फिरावयास आलेलीं असतात. म्हणून, ज्याचा सर्व्हो जमिनीवर थरथरतो तें विमान त्या दिवशीं उडवावयाचें नाहीं, हा नियम घरांतील वडील माणसानें घालून द्यावा व मुलानें कितीहि हट्ट केला तरी मोडूं नये.

आतां तपासणी. प्रथम मोटरवरील पंखा काढून ठेवावा. चिकित्सा करतांना बोटें शाबूत राहणें अवश्य आहे. मग पाहावें: थरथरतो तो एकच सर्व्हो कीं सगळे? एकच असेल तर त्याची व शेजारच्या सर्व्होची जागा रिसीव्हरवर अदलाबदल करावी. थरथर सर्व्होबरोबर गेली तर दोष त्याच्याच अंगांत आहे. बहुधा पोटेन्शिओमीटरचा पट्टा झिजलेला किंवा मळलेला असतो. आणि सर्व्हो बराचसा वेळ मध्यावरच घालवीत असल्यामुळें तो मध्यावरच अधिक झिजतो. असा सर्व्हो बदलावा हें उत्तम. थरथर मात्र जुन्या जागींच राहिली, तर रिसीव्हरची ती खांच, तेथील जोड किंवा पुढची लांब तार ह्यांकडे पाहावें. कोंकणांत समुद्रकांठीं राहणाऱ्यांनीं तर जोडांच्या पितळी टोंकांवर चढणारा गंज पावसाळ्यानंतर अवश्य तपासावा.

सगळेच सर्व्हो थरथरत असतील तर आमचा पहिला संशय विजेच्या पुरवठ्यावर असतो, आणि तो क्वचितच खोटा ठरतो. हल्लींच्या विजेवरील विमानांत रिसीव्हरला व सर्व्होंना निराळी बॅटरी नसते. मोटरचा स्पीड कंट्रोलरच आपल्या पोटांतील एका लहान मंडलामार्फत त्यांना सुमारें ५ व्होल्ट पुरवितो. ह्या मंडलास हौशी लोक बी. ई. सी. म्हणतात. तीन घटांची लिथियम बॅटरी पूर्ण भरली म्हणजे १२.६ व्होल्ट देते. साध्या जातीचें मंडल वरचे ७.६ व्होल्ट निव्वळ उष्णतेंत घालवितें. चार सर्व्हो एकदम जोर करूं लागले कीं १ अँपिअर प्रवाह सहज लागतो. म्हणजे नखाएवढ्या त्या तुकड्यांत साडेसात वॅटहून अधिक उष्णता साठूं लागते. त्यांत आपल्याकडचा एप्रिलचा दुपारचा प्रहर आणि सभोंवार फोमचें बंद कवच! मंडल तापून क्षणभर हात टेकतें, दाब उतरतो आणि रिसीव्हरला भोवळ येते. २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर हा एक लहानसा संगणकच असल्यामुळें शुद्धीवर येऊन पुन्हां ट्रान्समीटरशीं सूत जमविण्यास त्यास वेळ लागतो. जुन्या बनावटीच्या कांहीं रिसीव्हरांस तर कित्येक सेकंद लागत. खालीं उभा असलेला मनुष्य मात्र "पल्ला कमी पडला" असें म्हणतो.

ह्याची कसोटी सोपी आहे. स्पीड कंट्रोलरकडून रिसीव्हरला येणाऱ्या तीन तारांपैकीं लाल तार सोडवून टोंक नीट झांकावें आणि रिसीव्हरला त्याच्या मापाची स्वतंत्र बॅटरी द्यावी. थरथर थांबली, तर गुन्हेगार सांपडला. नुसत्या व्होल्टमीटरवर भिस्त ठेवूं नये. क्षणार्धाची उतरण त्याच्या नजरेस पडत नाहीं. कायमचा उपाय म्हणजे अधिक प्रवाह देणारें व कमी तापणारें स्विचिंग जातीचें मंडल बसविणें.

पुरवठा निर्दोष असून मोटर फिरूं लागल्यावरच थरथर सुरू होत असेल, तर शेजारच्या गप्पांचा शोध घ्यावयाचा. ब्रशच्या जुन्या मोटरींत ब्रशपाशीं सतत ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी हें एक छोटें आकाशवाणी केंद्रच असतें. मोटरच्या दोन टोंकांमध्यें एक आणि प्रत्येक टोंकापासून धातूच्या कवचापर्यंत एकेक असे ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर डाग देऊन जोडले कीं हा गलबला पुष्कळच निवतो. ब्रश नसलेल्या मोटरींत ठिणगी नसते, परंतु तिचा स्पीड कंट्रोलर मोठा प्रवाह सेकंदाला हजारों वेळां तोडतो व जोडतो. म्हणून रिसीव्हर त्याच्यापासून होईल तितका दूर ठेवावा. पेट्रोलच्या एंजिनाला ठिणगीचा प्लग असतो, तेव्हां त्याची टोपी धातूच्या जाळीनें वेढलेली व प्लग रोध असलेला पाहिजे. सर्व्होच्या लांब तारांना पीळ घालावा व रिसीव्हरजवळ फेराइटच्या कड्यांतून दोन-तीन वेढे द्यावे. जुन्या संचांत तर धातूवर धातू घांसली तरी सर्व्हो दचकत असे; सुकाणूच्या काडीचा एक जोड नायलॉनचा केला कीं ती तक्रार मिटे.

राहतां राहिला कान, म्हणजे एरियल. अमेरिकेंत वॉल्टर व विल्यम गुड ह्या जुळ्या भावांनीं १९३७ सालीं आपलें 'गफ' नांवाचें विमान रेडिओच्या हुकमतीखालीं उडवून दाखविलें, तेव्हांपासून पुढें कित्येक दशकें ह्या छंदाच्या लहरी लांबच लांब होत्या. ३५ मेगाहर्ट्झची लहर साडेआठ मीटरांहून लांब असते, ७२ मेगाहर्ट्झची सव्वाचार मीटरांच्या आंत. त्या काळच्या रिसीव्हरला सुमारें मीटरभर तार लोंबत असे, आणि ती विद्रूप दिसते म्हणून कापणारे किंवा गुंडाळून आंत कोंबणारे शौकीन पल्ल्याच्या नांवानें रडत असत. ज्यांच्या घरीं वडिलांचा असा संच अजून आहे त्यांनीं ती तार पूर्ण लांब सोडावी, आणि विमान एकदां आपटलें असेल तर रिसीव्हरमधील स्फटिकाबद्दल संशय धरावा. ती पातळशी चकती आंतल्या आंत तडकते.

२००५ सालानंतर झपाट्यानें पसरलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांची लहर अवघी साडेबारा सेंटिमीटरांची. त्यांच्या एरियलचा खरा कान म्हणजे बारीक केबलच्या टोंकाशीं उघडा असलेला सुमारें ३१ मिलिमीटरांचा तुकडा, लहरीच्या बरोबर चौथाई. तो कापूं नये, मुडपूं नये, बॅटरीखालीं दाबूं नये. दोन एरियलें असतील तर तीं परस्परांशीं काटकोनांत ठेवावींत, म्हणजे विमान कसेंहि वळलें तरी एकास तरी ऐकूं येईल. कार्बन-तंतूंचें अंग असलेल्या विमानांत हे तुकडे बाहेर काढलेच पाहिजेत. कार्बन वीजवाहक असल्यामुळें तो खांबाचें काम करतो. ओलीं झाडें आणि मनुष्याचें शरीर हींहि ह्या लहरी शोषून घेतात; तेव्हां उडविणाऱ्याच्या समोर कौतुकानें कोंडाळें करणाऱ्या आप्तेष्टांना मागें उभें करावें. ट्रान्समीटरच्या एरियलचें टोंक नेम धरल्यासारखें विमानावर रोखण्याची संवय पुष्कळांस असते. पण टोंकाच्या दिशेनें शक्ति सर्वांत कमी जाते. एरियल आडवें धरावें, कुशी विमानाकडे.

शेवटीं पल्ल्याची परीक्षा. हल्लींच्या बहुतेक ट्रान्समीटरांत शक्ति मुद्दाम कमी करण्याची सोय असते. समजा, शक्ति हजारांश केली, तर अंतर सुमारें बत्तिसांश होतें; म्हणजे ३० मीटरांवर जें विमान नीट ऐकतें तें पूर्ण शक्तीवर मोकळ्या आकाशांत साडेनऊशें मीटरांपर्यंत ऐकेल असा अंदाज बांधतां येतो. नेमकीं किती पावलें जावयाचें तें संचाच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. विमान गवतावर न ठेवतां लांकडी स्टुलावर ठेवावें, कारण जमिनीलगत पल्ला आंखडतो. एकानें तेथें थांबावें, दुसऱ्यानें काठ्या हलवीत दूर जावें, आणि ज्या पावलावर पट्ट्या अडखळूं लागतील तें मोजावें. मग पंखा परत बसवून, विमान पक्कें धरून व धरणाऱ्यानें पंख्याच्या मागें राहून, मोटर चालू ठेवून हीच परीक्षा पुन्हां करावी. दुसऱ्या खेपेस पावलें बरींच कमी भरलीं, तर वर सांगितलेला गलबला अजून निवलेला नाहीं असें समजावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर उपाय कोणता लागू पडला तें कळत नाहीं.

पंखा पुन्हां काढून ट्रान्समीटर मुद्दाम बंद करावा आणि विमान काय करतें तें पाहावें. मोटर ताबडतोब थांबली पाहिजे. थांबत नसेल, तर संपर्क तुटल्यावर काय करावें ह्याची जी सूचना रिसीव्हरमध्यें नोंदवितां येते, ती पुस्तिकेप्रमाणें नोंदवावी व परीक्षा पुन्हां घ्यावी. दोन्ही वेळचीं पावलें आणि तारीख पंखाच्या खालच्या बाजूस पेन्सिलीनें लिहून ठेवावींत. पुढच्या रविवारीं तीं मोजून ताडून पाहतां येतील.