‘प्रेरित’ म्हणजे नेमकं काय? थॉरच्या सुरुवातीच्या कॉमिक्सवरून संशोधनाचा एक धडा



सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक वाक्य हमखास येतं: ‘अमुक कलाकृती तमुक परंपरेपासून प्रेरित आहे.’ वाक्य दिसायला बिनधोक. पण समितीतल्या कुणी विचारलं, “प्रेरित म्हणजे काय घेतलं? कुठून घेतलं? कधी घेतलं?” की भल्याभल्यांची गाडी तिथेच अडते. कारण ‘प्रेरित’ हे उत्तर नाहीच, तो एक प्रश्न आहे. तो फोडून, तपासता येईल असा कसा करायचा, हे आज एका ओळखीच्या उदाहरणावरून बघू. उदाहरण आहे थॉरचं. सिनेमातला नाही, कॉमिक्समधला, अगदी सुरुवातीचा.

माझी शाखा विज्ञानाची, त्यामुळे हा विषय माझ्या प्रयोगशाळेतला नाही. पण दावा आणि पुरावा यांचं नातं सगळीकडे सारखंच असतं.

पहिला प्रश्न: मूळ कोणतं?

‘नॉर्स पुराणकथा’ नावाचं एक पुस्तक कुठे नाही. आपल्याला या कथा मुख्यतः आइसलँडमधल्या दोन ग्रंथांतून कळतात. एक म्हणजे स्नोरी स्टुर्लुसन या विद्वानाने १२२० च्या सुमारास लिहिलेली गद्य एड्डा. दुसरी पद्य एड्डा, जिचं मुख्य हस्तलिखित १२७० च्या आसपासचं आहे. दोन्ही जुन्या नॉर्स भाषेत, आणि आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर दोनेकशे वर्षांनी लिहिल्या गेलेल्या. म्हणजे ‘मूळ’ म्हणतो तेसुद्धा कुणीतरी निवडून, मांडून ठेवलेलं आहे.

इंग्रजी वाचकासाठी आणखी एक पायरी मध्ये येते. गद्य एड्डाचं आर्थर ब्रोडर यांचं भाषांतर १९१६ चं, पद्य एड्डाचं हेन्री ॲडम्स बेलोज यांचं १९२३ चं. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, टॉमस बुल्फिंच यांनी सामान्य वाचकांसाठी पुराणकथा सोप्या करून सांगितल्या होत्या. तेव्हा साठच्या दशकातला न्यूयॉर्कचा कॉमिक्स लेखक आणि तेराव्या शतकातला आइसलँड यांच्यामध्ये सरळ रेघ ओढू नका. मधल्या पायऱ्या दाखवा.

एक पायरी तर कॉमिक्समध्येच आहे. मार्व्हलचा थॉर १९६२ चा. पण फॉक्स कंपनीच्या ‘विअर्ड कॉमिक्स’मध्ये १९४० सालीच थॉर येऊन गेला होता. आणि ज्यांनी पुढे मार्व्हलचा थॉर रेखाटला त्या जॅक कर्बी यांनी १९५७ मध्ये डीसीच्या ‘टेल्स ऑफ द अनएक्स्पेक्टेड’च्या १६ व्या अंकात, एका माणसाला थॉरचा हातोडा सापडतो, अशी गोष्ट चितारली होती. म्हणजे मार्व्हलच्या थॉरला एड्डाच नव्हे, आधीची कॉमिक्सही पूर्वज म्हणून आहेत. ‘पहिला’ हा शब्द लिहिण्याआधी म्हणूनच दहा वेळा शोधा.

दुसरा प्रश्न: काय ठेवलं, काय बदललं?

आता मूळ अंक उघडू. ‘जर्नी इंटू मिस्टरी’, अंक ८३, मुखपृष्ठावर ऑगस्ट १९६२. (त्या काळी मुखपृष्ठावरचा महिना प्रत्यक्ष विक्रीच्या पुढचा असायचा, तारीख देताना हे लक्षात ठेवा.) कथानक स्टॅन ली, संवादलेखन लॅरी लीबर, चित्रं जॅक कर्बी, शाई जो सिनॉट. गोष्ट फक्त १३ पानांची. डोनाल्ड ब्लेक नावाचा पायाने अधू डॉक्टर नॉर्वेत सुटीवर असतो. शनी ग्रहावरून आलेली दगडी माणसं त्याच्या मागे लागतात, तो एका गुहेत अडकतो, तिथे त्याला एक काठी मिळते. ती दगडावर आपटली की काठीचा हातोडा होतो आणि ब्लेकचा थॉर. हातोडा साठ सेकंद हातातून सुटला की पुन्हा ब्लेक.

आता वहीत दोन रकाने आखा: एका बाजूला एड्डा, दुसऱ्या बाजूला कॉमिक.

जुन्या आइसलँडिक साहित्यात थॉरची दाढी लाल, त्याचा रथ दोन बोकड ओढतात. कॉमिकमध्ये तो सोनेरी केसांचा, बिनदाढीचा, आणि हातोडा फेकून त्याच्यामागोमाग उडणारा. एड्डामध्ये लोकी हा दैत्यकुळातल्या फारबाउती आणि लाउफे यांचा मुलगा. तो ओडिनचा रक्ताची शपथ घेतलेला भाऊ आहे, थॉरचा भाऊ नाही. कॉमिकमध्ये तो थॉरचा सावत्र भाऊ होतो. १९६५ च्या जानेवारीत, ११२ व्या अंकात, त्याचं कूळही सांगितलं जातं: लाउफे नावाच्या दैत्यराजाचा ओडिनने दत्तक घेतलेला मुलगा. जरा थांबून बघा, एड्डातली आई इथे बाप झाली. नाव राहिलं, नातं बदललं.

सगळ्यात बोलका फरक हातोड्याचा. पद्य एड्डातल्या एका काव्यात थ्रिम नावाचा दैत्य थॉरचा हातोडा सरळ पळवतो आणि जमिनीखाली लपवतो. लायकीबियकीचा प्रश्नच नाही. कॉमिकमधल्या हातोड्यावर मात्र, जो पात्र असेल त्यालाच थॉरची शक्ती मिळेल, अशा अर्थाचा लेख कोरलेला आहे. ही अट एड्डातली नव्हे, मग आली कुठून? माझं अनुमान असं: ती सुपरहिरो प्रकाराच्या गरजेतून आली. सामान्य माणूस एक कृती करतो आणि महाबली होतो, हा साचा १९४० च्या कॅप्टन मार्व्हलपासून वाचकांच्या ओळखीचा होता. तिथे मंत्राचा शब्द, इथे काठीचा ठोका. हे अनुमान आहे, म्हणून ते ‘अनुमान’ म्हणूनच लिहायचं. निरीक्षण एका वाक्यात, अर्थ दुसऱ्या वाक्यात. दोन्हींची खिचडी करू नका.

तिसरा प्रश्न: कधी बदललं?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा सुटतो. पहिल्या पाच अंकांतले शत्रू मोजा. ८३ मध्ये परग्रहवासी, ८४ मध्ये सॅन दिआब्लो या काल्पनिक देशातला हुकूमशहा, ८५ मध्ये लोकी, ८६ मध्ये भविष्यकाळातून आलेला झार्को, ८७ मध्ये कम्युनिस्ट. पाचांपैकी नॉर्स एकच! बाकी शीतयुद्धाचा काळ आणि विज्ञानकथा. पुराणकथा भरभरून येतात त्या ऑक्टोबर १९६३ च्या ९७ व्या अंकापासून, ‘टेल्स ऑफ अ‍ॅसगार्ड’ ही पाच पानी मालिका सुरू झाल्यावर. म्हणजे ‘थॉरची कॉमिक्स नॉर्स पुराणांपासून प्रेरित आहेत’ हे वाक्य १९६२ साठी जेमतेम खरं आणि १९६५ साठी बरंच खरं. वाक्य तेच, वजन वेगळं.

उलटा धोकाही आहे. ब्लेक हा मुळात थॉरच होता, ओडिनने नम्रता शिकवायला त्याला माणूस केलं होतं, हा खुलासा येतो १९६८ च्या अखेरीस, अंक १५८–१५९ मध्ये. तो खुलासा धरून ८३ व्या अंकाचा अर्थ लावला तर सहा वर्षांनंतरचं उत्तर आपण आधीच्या प्रश्नाला चिकटवतो. ८३ मध्ये एका डॉक्टरला शक्ती मिळते, एवढंच दिसतं. जे ज्या तारखेला होतं, ते त्याच तारखेला वाचा.

इंद्राचं वज्र आणि आपला मोह

मराठी वाचकाला थॉर म्हटलं की इंद्र आठवणारच. गडगडाट, शस्त्र, दैत्यांशी युद्ध. ही तुलना जुनी आहे. जॉर्ज ड्युमेझिल यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती गांभीर्याने केली आहे. पण तो इंडो-युरोपीय पुराणकथांच्या समान वारशाचा प्रश्न आहे. त्यावरून १९६२ च्या कॉमिकवर ऋग्वेदाचा प्रभाव सिद्ध होत नाही. साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. प्रभाव म्हणायचा असेल तर वाट दाखवावी लागते.

हे सगळं पांडित्य कशाला, असं वाटेल. पण श्रेय कुणाचं या प्रश्नाला व्यवहारातही किंमत असते. कर्बी यांचे वारस आणि मार्व्हल यांच्यात या पात्रांच्या हक्कांवरून न्यायालयीन वाद झाला आणि २०१४ मध्ये तो तडजोडीने मिटला. कुणी काय, केव्हा, कशाच्या आधारे निर्माण केलं, यावर माणसांचं नाव आणि उत्पन्न अवलंबून असतं.

आता तुमचं काम. तुमच्या सिनॉप्सिसमधलं ‘प्रेरित’, ‘प्रभावित’ किंवा ‘आधारित’ असलेलं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: मूळ ग्रंथ व त्याची आवृत्ती, नेमका बदल, आणि तारीख. तिन्ही भरता आल्या तर वाक्य ठेवा. एक जरी रिकामी राहिली, तर तिथे तुमचा संशोधन प्रश्न सापडलाय असं समजा. खोडायची घाई करू नका, त्याच्यावरच काम सुरू करा.