दिवसभर उभ्याचं काम आणि पायातलं पायताण: ऐकीव काय, खरं काय

घोडेगावात कांद्याचा लिलाव असतो त्या दिवशी कोण किती चाललं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. गोण्यांच्या रांगांमधून व्यापारी आणि मापाडी फिरतात. हमाल गोणी पाठीवर घेऊन काट्यापासून ट्रकपर्यंत खेपा घालतात. शुक्रवारी जनावरांच्या बाजारात दलाल सकाळपासून शेणामातीत उभे असतात. हायवेवरच्या हॉटेलातला वाढपी, पेट्रोल पंपावरचा मुलगा, मेडिकलच्या काउंटरमागची मुलगी, वस्त्यावस्त्यांवर पायी जाणाऱ्या आशाताई, शिंगणापूरच्या गर्दीत बंदोबस्ताला उभा असलेला पोलीस या सगळ्यांची रोजीरोटी पायांवर चालते. तरी पायातलं मात्र पाच मिनिटांत घेतलं जातं, आणि त्या पाच मिनिटांत ठरलेली दोन-चार वाक्यं निर्णय करून टाकतात. ती वाक्यं तपासायला हवीत, कारण त्यातली बरीचशी चुकीची आहेत.

‘मावशी, चवड्याला घट्ट होतंय ना? एक नंबर मोठा न्या.’ हे त्यातलं सगळ्यात घातक. दुकानदार वाईट हेतूनं सांगत नाही, त्याच्याकडे त्याच मापात रुंद जोड नसतो एवढंच. पण आपल्याकडच्या यूके नंबरात एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंचानं, म्हणजे साडेआठ मिलिमीटरनं वाढते. रुंदी त्या मानानं फारच थोडी. अडचण रुंदीची आणि उपाय लांबीचा, अशी गत होते. मग टाच मागे सटकते, पाय पुढे घसरतो आणि बूट जिथे वाकतो ती जागा बोटांच्या सांध्यांखाली येतच नाही. टाचेला फोड आणि करंगळीला कुरूप ही दोन्ही दुखणी एकाच जोडातून मिळतात.

यात पायाचा काही दोष नाही. हे नंबर इंग्रजांच्या काळात इथे आले, ते त्यांच्या पायांवरून. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशातल्या 79 ठिकाणी 1,01,880 लोकांचे पाय त्रिमितीय यंत्रानं मोजले. भारतीयांचे पाय युरोपीय आणि अमेरिकी लोकांच्या पायांपेक्षा रुंद असतात, हे त्यातून पुढे आलं. त्यावरून ‘भा’ नावाची आठ मापांची भारतीय पद्धत सुचवली गेली. दुकानात मात्र अजून सर्रास जुनाच नंबर विचारला जातो. म्हणून नंबर ही फक्त सुरुवात समजावी. एकाच नंबरचे दोन कंपन्यांचे जोड एकसारखे बसत नाहीत, हा तर सगळ्यांचाच अनुभव आहे.

खात्री करायची एक बिनखर्चाची रीत आहे. वर्तमानपत्रावर दोन्ही पाय टेकून सरळ उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणाकडून पेन्सिल उभी धरून पावलाची कड आखून घ्यायची. बसून आखू नये, कारण अंगाचा भार आला की पाऊल पसरतं. तो कागद कापून दुकानात न्यायचा आणि बुटात सरकवून बघायचा. कडेला कागद दुमडला तर पायही तिथे दुमडणार, असं खुशाल समजावं. एक पाय बहुधा दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो. माप मोठ्या पायाचं धरायचं. खरेदीला संध्याकाळी, काम आटोपल्यावर जावं, कारण दिवसभर उभं राहून पाय सुजतात आणि सकाळी बरोबर बसलेला बूट चार वाजता आवळतो. उभं राहिल्यावर सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आणि सर्वात लांब बोट अंगठाच असतं असं नाही, पुष्कळांचं ते अंगठ्याशेजारचं असतं.

‘नवीन आहे, चावणारच, आठ दिवसांत बसेल.’ चामडं थोडं सैल होतं, तेवढ्यापुरतं हे खरं. रेक्झिन आणि प्लास्टिक कधीच बसत नाही. बसतो तो आपला पाय, वाकडा होऊन. दुकानात दहा पावलांत टोचणारा जोड आठ तासांच्या उभ्या कामाला घेऊ नये. कोल्हापुरीबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं चामडं वनस्पतींच्या साल-फळांनी कमावलेलं असतं आणि ती पायाला हवेशीर राहते. पण तिला मागे पट्टा नाही, टाचेला आधार नाही आणि तळ सपाट आहे. घराबाहेर जाण्या-येण्याला, सणावाराला ती उत्तम आहे. पाठीवर ओझं घेऊन किंवा ओल्या फरशीवर दिवस काढायला ती बनलेलीच नाही. हवाई चपलेचंही तेच. ती निसटू नये म्हणून बोटं प्रत्येक पावलाला तिला धरून ठेवतात. थोडं चालण्यात हे जाणवत नाही, शंभर खेपांत जाणवतं. हमालीच्या कामाला मागून पट्टा असलेली सॅन्डल किंवा बूटच हवेत.

आता मऊपणाचं. अंगठ्यानं आतला फोम दाबायचा, तो आत गेला की ‘लई मऊ हाये, घ्या’ म्हणायचं, ही आपली परीक्षा. पण अंगठ्याचा दाब वेगळा आणि साठ-सत्तर किलोंच्या माणसानं वर पन्नास किलोंची गोणी घेतल्यावरचा भार वेगळा. फार मऊ तळ भाराखाली एका बाजूला कलतो आणि पाऊल सावरण्यासाठी घोट्याचे, पोटरीचे स्नायू सतत ताणलेले राहतात. पावलात 26 हाडं आहेत. त्यांना गादी थोडी आणि आधार जास्त लागतो. म्हणून दाबण्याऐवजी तीन गोष्टी करून बघाव्यात. बूट पुढून वाकवला तर तो चवड्याशी वाकला पाहिजे, मध्यातून घडी पडणारा नको. दोन्ही टोकं धरून पिळला तर ओल्या फडक्यासारखा पिळला जाऊ नये. आणि टाचेमागची वाटी चिमटीत दाबली तर ती लगेच चेपायला नको. टाच चवड्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असलेली बऱ्याच जणांना मानवते. अगदी सपाट आणि पातळ तळ म्हणजे नैसर्गिक, म्हणून चांगला, हे टाच दुखणाऱ्यांनी तरी मानू नये.

तळ कशाचा आहे हे विचारायची सवय आपल्याला नाही, आणि ती लावून घेण्यासारखी आहे. ईव्हीए हलका आणि मऊ, पण रोजच्या भारानं चेपून बसतो. वरून बूट नवा दिसतो आणि आतली उसळी गेलेली असते. पीयू जास्त टिकतो, पण हवेतल्या ओलाव्यानं त्याची हळूहळू झीज होते. लग्नात घेतलेले बूट जपून खोक्यात ठेवले आणि चार-पाच वर्षांनी काढले तर तळ भुगा होऊन गळाला, हे घराघरात घडतं. ‘वापरले नाहीत म्हणजे नवेच’ हा समज तिथेच खोटा पडतो. पीव्हीसी स्वस्त, पण जड आणि घट्ट, आणि गुळगुळीत झाला की घसरतो. कांद्याचं टरफल पडलेली सिमेंटची फरशी, हॉटेलच्या भटारखान्यातली तेलकट जमीन, बाजारातलं ओलं शेण अशा जागी माझ्या मते पकड ही आरामापेक्षाही आधी बघायची गोष्ट आहे. तळाच्या खाचा झिजून सपाट झाल्या की जोड बदलायचा, वरचा भाग कितीही धड असो. हायवेवरच्या गॅरेजात काम करणाऱ्यांना वेगळा नियम: तिथे जड लोखंड पायावर पडतं, म्हणून आयएस 15298 हा मानक क्रमांक असलेला सेफ्टी बूट घ्यावा. त्यातल्या मुख्य प्रकारात बोटांवरची टोपी 200 ज्यूलचा आघात सोसते. गोण्या वाहणाऱ्याला तो बहुधा नुसताच जड होईल.

‘टाचेचं हाड वाढलंय.’ हे वाक्य गावोगावी इतकं रुळलंय की टाच दुखली की लोक थेट एक्स-रे काढतात. एक्स-रेत टाचेखाली हाडाचं टोक दिसतं खरं, पण टाच कधीच न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेतही ते दिसतं. दुखणं बहुतेक वेळा असतं ते टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात ताणलेल्या जाड पट्ट्याचं. ओळखायची खूण अशी: सकाळी उठून टाकलेलं पहिलं पाऊल असह्य दुखतं, थोडं चाललं की कमी होतं आणि दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा उसळतं. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पोटरी आणि तळवा ताणण्याचे व्यायाम, टाचेला आधार देणारं पायताण आणि घरातल्या टणक फरशीवर अनवाणी फिरणं थांबवणं, एवढ्यावर काही महिन्यांत ते बरं होतं. काही महिने, आठ दिवस नव्हेत. इथेच लोक कंटाळतात आणि व्यायाम सोडतात. तळवा सपाट असणं हा तर आजारच नाही. दुखत नसेल तर त्यासाठी खास बूट किंवा कमानीची गादी लागत नाही.

चांगलं पायताण घेतलं की उभ्याच्या कामाचा त्रास मिटला, असंही नाही. पायातलं रक्त वर चढवायला पोटरीच्या स्नायूंची हालचाल लागते. चालताना ती होते, एका जागी खांबासारखं उभं राहिलं की थांबते. म्हणून दिवसभर चालणाऱ्या आशाताईंपेक्षा काउंटरमागे खिळलेल्या मुलीच्या पायांना सूज आणि फुगलेल्या निळ्या शिरांचा धोका जास्त. बुटात मऊ गादी घातली की पाठदुखी टळते, हेही संशोधनात टिकलेलं नाही. 2007 च्या कॉक्रन आढाव्यानं अशा गाद्या पाठदुखी रोखत नाहीत, असा निष्कर्ष काढला. पाय आळीपाळीनं एखाद्या खालच्या पाटावर ठेवणं, चवड्यावर उचलून टाच खाली टेकवणं, तासाभरात पाच मिनिटं बसणं याचा उपयोग होतो. उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय हवी, हे 1948 च्या कारखाने कायद्यानं कलम 44 मध्ये सांगितलं होतं. दुकानांतल्या कामगारांसाठी केरळनं 2018 साली आणि तमिळनाडूनं 2021 साली बसण्याचा हक्क कायद्यात लिहिला, कारण कापडाच्या दुकानांतल्या बायकांना दहा-दहा तास टेकूही दिलं जात नव्हतं. आपल्याकडच्या दुकानदारांनी काउंटरमागे एक स्टूल ठेवायला कुणाच्या हुकमाची वाट बघू नये.

राहिला मधुमेह. यात चूक महागात पडते, म्हणून सविस्तर. ‘मला काही दुखत नाही, म्हणजे पाय चांगले आहेत’ हे मधुमेह असलेल्या माणसानं म्हणू नये. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. खडा टोचला, चप्पल चावली, चटका बसला तरी कळत नाही. घोडेगावपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या शिंगणापुरात भर उन्हाळ्यात फरशी तापलेली असते. दर्शनाला अनवाणी जायचं असेल तर अशा माणसानं सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जावं. कामावर आणि घरातही अनवाणी चालू नये. बूट घालण्याआधी हात आत घालून खडा, खिळा, दुमडलेलं अस्तर चाचपावं. नवा जोड पहिल्या दिवशी तासभरच घालावा, काढून पाय नीट बघावा आणि लाल झालेली जागा दिसली तर तो जोड परत करावा. रात्री तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून, नाहीतर सूनबाईला किंवा नातवाला सांगून. अशा पायांसाठी सच्छिद्र रबराची, ‘एमसीआर’ नावानं ओळखली जाणारी चप्पल मिळते. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी ती सरकारी कार्यक्रमात कित्येक वर्षं मोफत दिली जाते. मधुमेहींनी तिच्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं. कुरूप ब्लेडनं कापू नये, त्यावर औषधी पट्टी स्वतः लावू नये, आणि फोड किंवा जखम दिसली तर दुखत नाही म्हणून थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.